लोकसंख्येची साधी घनता घ्यायची की शेतजमिनीवरची?

भाचीला भूगोलाच्या प्रोजेक्टमध्ये इजिप्त आणि बांगलादेशची तुलना करायचीय, पण घनता कोणती घ्यायची यावर ती अडकलीये.

आकडे मिळवायला साधी घनता सोपी, लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ, झालं. दुसरीत लोकसंख्येला फक्त लागवडीलायक जमिनीने भागतात, म्हणून ती जमीन किती ते शोधावं लागतं आणि तो आकडा बदलत राहतो.

पण खरं चित्र कशात दिसतं? इजिप्त साधारण १० लाख चौ.किमी., लोक १० कोटींच्या वर, म्हणजे चौरस किलोमीटरला शंभरेक माणसं, बांगलादेशात हजाराच्या वर, त्यामुळे वाटतं इजिप्त मोकळाच आहे, पण तिथले जवळपास ९५ टक्के लोक नाईलच्या काठाला आणि तिच्या त्रिभुज प्रदेशात दाटलेत, बाकी वाळवंट! शेतजमीन जेमतेम ४ टक्के, तिच्यावर भागलं की आकडा अडीच हजाराच्या पुढे जातो, बांगलादेशलाही मागे टाकतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

तरी दुसरीतही खोट आहे, जमिनीचा कस, पाण्याची सोय ती लक्षात घेत नाही. सिंगापूरसारख्या शहरी देशात तर ती निरर्थकच.

अन्न-पाण्याचा ताण दाखवायचा असेल तर शेतजमिनीवरची घ्यावी. शहरं किंवा आपले जिल्हे (२०११ला चौ.किमी.ला गडचिरोली ७४, मुंबई उपनगर जवळपास २१,०००) मांडायचे तर साधी पुरते.