दोन निळ्या कादंबऱ्या: आधी कुठली उघडावी?

मित्रानं विचारलं, "दोन पोरांच्या प्रेमाची एकच कादंबरी वाचायची झाली तर ती अमेरिकन घेऊ, की आपली मराठी?" अमेरिकन म्हणजे केसी मॅक्विस्टन यांची 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू', २०१९ची. मराठी म्हणजे सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू', २००६ची. दोन्हींच्या नावात निळा रंग आहे, दोन्ही माझ्या घरात आहेत आणि दोन्हींबद्दल माझं मन अजून पुरतं ठरलेलं नाही. म्हणून उत्तर जरा लांबलं.

गोष्टी माहीत असतीलच. एकीत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष बाईंचा मुलगा आणि इंग्लंडचा राजपुत्र, दुसरीत एकाच पेइंग गेस्टवर जीव टाकणारे भाऊ-बहीण. सिनेमे दोन्हींवर निघाले. ते बघून पुस्तक निवडू नका. कुंडलकरांनी तर पडद्यावर स्वतःचीच गोष्ट पुण्यातून उचलून कोचीला नेली.

अमेरिकन कादंबरी मी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये, पुण्याला जाताना सुरू केली. नावात निळा असला तरी मुखपृष्ठ चक्क गुलाबी, त्यावर दोन पोरं. म्हणून घरूनच वर्तमानपत्राचं कव्हर घालून नेलं होतं, शाळेत घालायचो तसं. कुर्डुवाडीला शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं, "स्पर्धा परीक्षा का?" मी हो म्हणालो.

मजा आली, खोटं कशाला बोलू? शाही लग्नात दोघं भांडता भांडता केकसकट आडवे होतात, तिथं मी मोठ्यानं हसलो. (काकांनी परीक्षेविषयी पुढं काही विचारलं नाही.) मधली ईमेलं मात्र लांबतात. जुन्या थोरामोठ्यांच्या प्रेमपत्रांतले उतारे एकमेकांना पाठवत बसतात. चारशेवर पानं आहेत, थोडी कात्री चालली असती. अर्थात हे माझ्या इंग्रजीच्या वेगामुळंही वाटलं असेल.

पण माझं खरं अडलं ते आईपाशी. मुलाचं राजपुत्राशी जुळलंय हे कळल्यावर ही आई काय करते? पॉवरपॉइंट करते! स्लाइडा लावून पोराला समजावते. प्रसंग विनोदी आहे, बाई गोडही आहे. मी पुस्तक मिटलं आणि दौंड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. राग आला की हेवा वाटला, ते अजून सांगता येत नाही. लग्न ही काय चीज आहे ते आमच्या गावाला शिकवावं लागत नाही. गड्ड्याच्या जत्रेत ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं आणि अक्षता टाकायला सगळं सोलापूर लोटतं. अशा गावात तिशी ओलांडलेल्या मुलाला आई रोज भाकरी वाढता वाढता एकच प्रश्न विचारते, आणि तो शेंगाचटणीचा डबा पुढं ओढतो. त्यानंतर ती स्लाइड वाचवत नाही. पुढंही सगळे किती पटकन समजून घेतात! सुखान्त मलाही हवा असतो, पण या पोरांनी तो कशाच्या बदल्यात घेतला ते मला नीटसं दिसलंच नाही.

'कोबाल्ट ब्लू'तही खटकणारं कमी नाही. त्या पेइंग गेस्टला नाव नाही, आणि त्याच्या मनात काय होतं ते शेवटपर्यंत कळत नाही. आधी भाऊ तनय सांगतो, मग बहीण अनुजा. तेच दिवस पुन्हा वाचताना मी एक-दोनदा पानं उलटून पुढं गेलो. आणि आपल्या गोष्टीत दोघांतल्या एकानं निघूनच जायचं का, ही तक्रार आहेच.

तरी पुस्तक छोटं असून पुरून उरतं. अनुजा त्याच्याबरोबर पळून जाते, काही महिन्यांनी एकटी परत येते. घरात कल्लोळ उठतो, सगळ्यांचं लक्ष तिच्याकडं. तनयचंही तेच माणूस गेलंय, पण त्याला रडायचीसुद्धा सोय नाही. २००६ साली समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ जसंच्या तसं होतं. सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २०१८चा सप्टेंबर उजाडावा लागला. पण तनयचं गप्प राहणं कायद्यापेक्षा स्वयंपाकघरामुळं जास्त आहे, असं मला वाटतं. कदाचित मी माझंच काही त्यात वाचत असेन.

या पुस्तकाला मी कव्हर घातलं नव्हतं. टीपॉयवर पडून होतं. एका दुपारी आईनं उचललं, चष्मा शोधला आणि दोन दिवसांत संपवलं. मी काही विचारलं नाही. रात्री ताट वाढताना तीच म्हणाली, "पोरगीसाठी सगळं घर पळालं. त्या पोराकडं कुणी बघितलंच नाही की रे."

मी डबा पुढं ओढला. त्या रात्री तिनं तो प्रश्न विचारला नाही.

तेव्हा मित्रा, मन हलकं करायचं असेल तर गुलाबी कव्हरवाली कधीही घेऊन जा, परत करायची घाईही नाही. मराठी मात्र तुझी तू विकत घे. माझी प्रत आईच्या उशाशी आहे, ती दुसऱ्यांदा वाचतीय.