फोटो मिलिमीटरच्या मापात छापायला गिंप: गेल्या गणपतीपासूनचा वापर

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. लोकांचे जुने-नवे फोटो छापून फ्रेममध्ये बसवून देण्याचं काम घरूनच करते आणि गेल्या गणपतीच्या आधीपासून त्यासाठी फक्त गिंप (GIMP) हे फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर वापरते आहे. फोटो गोरा करणं, मागचं दृश्य बदलणं यात मी फारशी पडत नाही. मला हवं असतं ते एवढंच की ठरलेल्या मापाचा फोटो कागदावर त्याच मापाचा उतरावा. त्या कामासाठी मी हे सॉफ्टवेअर कोणालाही मनापासून सुचवेन.

गिंप फुकट आहे, १९९६ पासून चालत आलेलं आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवरही नीट उघडतं. आधी माझ्याकडे २.१० ही आवृत्ती होती, मग २०२५ मध्ये आलेली ३.० घेतली. मापाच्या कामापुरते मेनू दोन्हींत सारखेच आहेत.

इथल्या मराठी घरांत गायकवाडी काळातले फोटो अजून भिंतीवर आहेत. पणजोबा पगडी घालून उभे, एक हात खुर्चीच्या पाठीवर, खाली स्टुडिओचं नाव सोनेरी अक्षरांत. असे बरेच फोटो ‘कॅबिनेट’ मापाच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले असतात. पुठ्ठ्याचं माप साधारण ४¼ × ६½ इंच, म्हणजे १०८ × १६५ मिमी. आज लॅबमध्ये ४×६ मिळतो, ५×७ मिळतो, हे माप सहसा मिळत नाही. जुनी सागवानी कोरीव फ्रेम टाकून द्यायला घरातलं कोणी तयार नसतं, आणि टाकूही नये. तेव्हा फोटोच फ्रेमच्या मापाचा करावा लागतो. माप समोरून दिसणाऱ्या भागाचं घ्यायचं नाही. फ्रेम उलटी करायची आणि काच ज्या खाचेत बसते ती खाच स्टीलच्या पट्टीने मोजायची.

गिंपमध्ये आधी फोटो कापायचं क्रॉप टूल घेते. त्यात ‘फिक्स्ड’वर टिचकी मारून ‘ॲस्पेक्ट रेशो’ निवडायचा आणि १०८:१६५ असं टाकायचं. आता चौकट कितीही ओढली तरी प्रमाण तेच राहतं. हे आधी केलं नाही तर पुढे आकडे जबरदस्तीने बसवावे लागतात आणि पणजोबा जाडे किंवा उंच होतात.

मग येतो पिक्सेल आणि डीपीआयचा भाग, आणि सगळ्यांची गाडी अडते ती इथेच. फाइलमध्ये असतात ते फक्त पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके. मिलिमीटर कागदावर येतात, आणि एका इंचात किती पिक्सेल मावायचे (हाच डीपीआय किंवा रिझोल्यूशन) ते आपण ठरवतो तेव्हाच येतात. मी ३०० धरते. हिशेब सोपा आहे: मिलिमीटर भागिले २५.४, गुणिले ३००. १०८ मिमीचे १२७६ पिक्सेल, १६५ मिमीचे १९४९. गिंपमध्ये हे हाताने करावं लागत नाही, एकक म्हणून मिलिमीटर निवडलं की ते स्वतःच मांडतं.

‘इमेज’ मेनूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गिंप मला आवडण्याचं मोठं कारण तेच आहे. ‘प्रिंट साइझ’मध्ये एकही पिक्सेल हलत नाही, फाइलवरची मापाची चिठ्ठी तेवढी बदलते. ‘स्केल इमेज’मध्ये पिक्सेलच नव्याने बनतात. मी नेहमी आधी ‘प्रिंट साइझ’ उघडते, रुंदीत १०८ मिमी टाकते आणि खाली रिझोल्यूशन किती दिसतं ते बघते. २५० च्या वर असेल तर फाइलला अजिबात हात लावत नाही. १५० च्या खाली असेल तर हातात धरून बघायचा फोटो धूसर दिसणार हे धरून चालायचं. ‘स्केल इमेज’ने पिक्सेल वाढवता येतात, पण मूळ फोटोत नसलेली भुवई त्यातून येत नाही. अशा वेळी मूळ फोटो मागवून परत स्कॅन केलेला बरा.

स्कॅनचं उदाहरण सांगते. जुन्या बॉक्स कॅमेऱ्याच्या १२० रोलवर ६×९ सेंटिमीटरची निगेटिव्ह निघायची आणि अनेकदा तेवढाच फोटो कागदावर काढून द्यायचे. प्रत्यक्ष चित्र भरतं जेमतेम ५७ × ८४ मिमी. तो फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की १३४६ × १९८४ पिक्सेल मिळतात. ३०० ने छापला तर बरोबर दुप्पट, ११४ × १६८ मिमी. म्हणजे कॅबिनेटच्या फ्रेमला पुरून थोडा कापायलाही उरतो. जितका मोठा करायचा तितक्या पटीने स्कॅनचा आकडा वाढवायचा, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

बडोद्यात दुसरं मोठं काम व्हिसाच्या फोटोंचं. अमेरिकेला लागतो २×२ इंच, म्हणजे ५१ × ५१ मिमी, आणि त्यात हनुवटीपासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत २५ ते ३५ मिमी. युरोपच्या शेंगेन व्हिसाला ३५ × ४५ मिमी. ३५ × ४५ चे आठ फोटो ४×६ च्या कागदावर छान बसतात, कडेला जागाही राहते. २×२ चे मात्र सहा फोटो ४×६ मध्ये अगदी काठोकाठ बसतात आणि तिथेच फसगत होते. बिनकडेची छपाई करताना प्रिंटर चित्र किंचित मोठं करतो, म्हणजे कागदाबाहेर थोडं सांडून पांढरी कड राहत नाही. मग फोटो ५१ मिमीचा राहत नाही. मी हे सहा फोटो ५×७ च्या कागदावर मांडते. १५०० × २१०० पिक्सेलच्या पानावर ६०० × ६०० चे सहा बसून चारही बाजूंना सेंटिमीटरभर जागा उरते आणि बिनकडेची भानगडच राहत नाही.

फाइल कितीही बरोबर असली तरी शेवटच्या खिडकीत घात होतो. प्रिंट देताना ‘फिट टू पेज’ आधीच निवडलेलं असतं. आपल्याला हवं असतं ‘ॲक्च्युअल साइझ’ किंवा १०० टक्के. एका दुकानात मी हे सांगितलं तर काउंटरवरचे भाई म्हणाले, “बेन, ए तो फिट थई जशे.” तेच तर नको असतं. यावर माझा उपाय म्हणजे पानाच्या कडेला ११८१ पिक्सेल लांबीची काळी पट्टी. ३०० डीपीआयला ती बरोबर १०० मिमी यायला हवी. छापून आल्यावर ती स्टीलच्या पट्टीने मोजायची. ९७ भरली तर समजायचं की ए४ पान प्रिंटरच्या समासात कोंबलं गेलं आहे. दोन्हीकडे तीन-तीन मिलिमीटर समास सोडला की २१० चे २०४ उरतात, म्हणजे ९७ टक्के. दुकानदारांशी वाद घालायची गरज पडत नाही, कागद आणि पट्टी समोर ठेवली की तेही लगेच सेटिंग बदलून देतात.

गणपतीच्या मखरामागचा पडदा हे याच कामाचं दुसरं टोक. ३×२ फुटांच्या फ्लेक्सला ३०० डीपीआयचा हट्ट धरायचं कारण नाही. तो चार हातांवरून बघायचा असतो, १०० पुरतात, म्हणजे ३६०० × २४००. बारा मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो ४००० × ३००० चा असतो, त्यातून आरामात निघतो. फक्त तो फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवावा, साधा पाठवला की तो आक्रसून येतो.

आता उणं काय ते. एका पानावर अनेक फोटो मांडायची तयार सोय गिंपमध्ये नाही, गाइड, म्हणजे मापाच्या मदतरेषा, ओढून फोटो हाताने लावावे लागतात. मी ए४ आणि ५×७ ची कोरी पानं गाइडसकट एक्ससीएफ या गिंपच्या स्वतःच्या फाइल-प्रकारात ठेवली आहेत, त्यामुळे आता वेळ जात नाही, पण नव्या माणसाला हे जड जाईल. पडद्यावर खऱ्या मापात बघायचं असेल तर ‘व्ह्यू’मधलं ‘डॉट फॉर डॉट’ बंद करावं लागतं आणि त्याआधी प्रेफरन्सेसमध्ये मॉनिटर पट्टीने मोजून कॅलिब्रेट करावा लागतो, हे कोणी सांगितल्याशिवाय सापडत नाही. आणि पीएनजी प्रकारची फाइल उघडल्यावर ३०० ऐवजी २९९.९९९ दिसलं तर घाबरू नये. पीएनजी इंचाऐवजी मीटरमागे पिक्सेल साठवतं, तेही पूर्णांकात, ११८११. कागदावर त्याने केसाइतकाही फरक पडत नाही.

लॅबला फाइल देताना मी नावातच माप लिहिते: ‘पणजोबा-१०८×१६५मिमी-१००टक्के-फिट-नको’. छापणारा माणूस बदलला तरी नाव त्याच्या डोळ्यांसमोर राहतं.