डिझर्टेशनला डेंग्यू, कोरोना की फ्लू? आरएनए कॉपी करणाऱ्या प्रोटीन्सची तुलना

बडोद्यात एमएस युनिव्हर्सिटीला बायोकेम नाहीतर मायक्रो करणारी आपली मराठी पोरं विचारत असतात, ताई, व्हायरस रेप्लिकेशनवर काम करायचंय, पण व्हायरस कुठला घेऊ? माझं मत सरळ आहे, लॅबमध्ये हातानं काम करणार असाल तर डेंग्यू घ्या. बाकीचे दोन विषय पण जबरदस्त आहेत, त्यामुळे कारणं सांगते.

तिघांनाही स्वतःचं पॉलिमरेज, म्हणजे आरएनए कॉपी करणारं एंझाइम, लागतं, कारण आरएनएवरून अख्खा जीनोम कॉपी करून देईल असं एंझाइम आपल्या पेशीत नसतं, आणि हे पॉलिमरेज एकट्यानं सगळं काम निभावत नाही. तुलना करायची ती त्याच्या जोडीदारांची.

कोरोनाचा जीनोम जवळपास ३०,००० बेसचा (बेस म्हणजे आरएनएचं एक अक्षर). पॉलिमरेज म्हणजे एनएसपी१२ (एनएसपी ही कोरोनाच्या प्रोटीन्सची नावं), पण ते एकटं जवळजवळ काहीच करत नाही, त्याला एक एनएसपी७ आणि दोन एनएसपी८ चिकटले की मग खरी कॉपी सुरू होते. बाहेर पडणाऱ्या दुहेरी आरएनएला दोन्ही एनएसपी८ आपल्या लांब हेलिक्सनी दोन बाजूंनी धरून ठेवतात, म्हणून एवढा मोठा जीनोम मध्येच न सुटता पुरा होतो. शिवाय चुकीचा बेस कापायला एनएसपी१४ आहे, त्याला परत एनएसपी१० लागतं. स्ट्रक्चर २०२० मध्येच आलं, पीडीबीवर (प्रोटीन स्ट्रक्चर्सचा ऑनलाइन साठा) फुकट आहे, त्यामुळे फक्त कॉम्प्युटरवर डॉकिंग (औषधाचा रेणू प्रोटीनमध्ये कसा बसतो ते बघणं) करणार असाल तर हेच घ्या. पण अ‍ॅक्टिव्ह एनएसपी१२ ई. कोलाय बॅक्टेरियातून काढणं कटकटीचं आहे, चार-पाच महिन्यांत दमून जाल.

फ्लूचं मशीन मला सगळ्यात आवडतं. त्याचं पॉलिमरेज पीबी१, पीबी२ आणि पीए या तीन प्रोटीन्सचं. पीबी२ आपल्या पेशीच्या एमआरएनएची कॅप (सुरुवातीचं टोपण) पकडतं, पीए तिच्यामागे १० ते १३ बेसवर कापतं आणि तो चोरलेला तुकडा प्रायमर (कॉपीची सुरुवात) म्हणून पीबी१ पुढे वाढवतं. बॅलोक्सॅव्हिर हे औषध पीएचं हे कापणंच थांबवतं. पण तिन्ही प्रोटीन्स एकत्र बनवायला बहुतेक इन्सेक्ट सेल्स लागतात. सेमिनारला घ्या, डिझर्टेशनला नको.

आता डेंग्यू. जीनोम साधारण १०,७०० बेसचा, आणि मुख्य खेळ एनएस५ आणि एनएस३ या दोन प्रोटीन्सचाच. एनएस५ च्या एका टोकाला मिथाइलट्रान्सफरेज (आरएनएच्या कॅपवर मिथाइल बसवणारं), दुसऱ्या टोकाला पॉलिमरेज. एनएस३ मध्ये प्रोटिएज (प्रोटीन कापणारं) आणि हेलिकेज (आरएनएची जोडी उलगडणारं), त्यातल्या प्रोटिएजला एनएस२बी लागतं. गंमत म्हणजे एनएस५ जीनोमच्या ५ प्राइम (सुरुवातीच्या) टोकाला बसतं, पण कॉपी सुरू होते ३ प्राइम (शेवटच्या) टोकापासून, म्हणून जीनोमची दोन्ही टोकं जुळून गोल व्हावा लागतो. आणि तुमच्या कामाचं म्हणजे, एनएस५ सोबत असलं की एनएस३ एटीपी (पेशीचं इंधन) जास्त जोरात तोडतं, हे आधी दाखवलेलं आहे. दोन्ही प्रोटीन्स ई. कोलायमध्ये बनतात, जिवंत व्हायरसला हात लावायचा नाही, आणि एटीपी तुटून सुटलेला फॉस्फेट मॅलाकाइट ग्रीन या रंगानं मोजता येतो, पिवळं रीएजंट हिरवं होत जातं. फक्त साबणानं धुतलेली काचेची भांडी वापरू नका, साबणातल्या फॉस्फेटनं ब्लँकच (प्रोटीन न घातलेला नमुना) हिरवा येतो.

जोडीदारांची पकड सोडवूनही औषध बनू शकतं हे डेंग्यूमध्येच दिसलंय, जेएनजे-ए०७ हा रेणू एनएस३ आणि एनएस४बी या डेंग्यूच्याच दोन प्रोटीन्सना एकमेकांना चिकटू देत नाही, २०२१ चा पेपर आहे, तो आधी वाचा. मग गाइडकडे जाण्याआधी डिपार्टमेंटमध्ये निकेल कॉलम (प्रोटीन शुद्ध करायला) आणि प्लेट रीडर (रंग मोजायला) चालू आहे का बघा, आणि प्लास्मिडची (प्रोटीनचा जीन असलेला गोल डीएनए) ऑर्डर सगळ्यात आधी टाका.