टेलि-मानस १४४१६: भावासाठी लावलेला फोन

आम्ही भांडुपचे. धाकटा भाऊ महिनाभर रात्री जागा, डबा तसाच परत, क्रिकेट बंद, आणि मग म्हणायला लागला की शेजारचे माझ्याबद्दलच बोलतात. आई म्हणाली नजर लागली, मी परीक्षेचं टेन्शन समजून सोडून दिलं, ते चुकलंच माझं.

शेवटी रात्री दीडला १४४१६ लावला, म्हणजे टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. ताईंनी अजिबात घाई न करता ऐकलं, आधी विचारलं जीव द्यायचं बोलतो का, मग म्हणाल्या उदासी, झोप न लागणं दोन आठवड्यांच्या वर गेलं तर डॉक्टरला दाखवायचंच, पण असा संशय किंवा कानात आवाज येत असतील तर तेवढंही थांबू नका. केईएमच्या ओपीडीत नेलं, गोळ्या चालू आहेत. काल स्वतःहून वडापाव मागितला!