अकरा नोझलची नळी : नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या लॅबच्या व्हॅक्यूम कोटिंग युनिटमधली जुनी बोट (पावडर तापवायची उथळ वाटी) काढली आणि तिच्या जागी अकरा नोझलची आडवी नळी बसवली. आता मे संपत आलाय. नऊ महिन्यांत तिच्यावर भरपूर रन झाले, म्हणून लिहितोय. आम्ही इथे छत्रपती संभाजीनगरात ओएलईडीचे, म्हणजे वीज दिली की स्वतः उजळणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचे, थर काचेवर बसवतो. मोबाईलच्या पडद्यात असतात तसेच थर, फक्त आमची काच 100 मिलिमीटरची.

आधी बोटीचं दुखणं सांगतो. बोटीत पावडर टाकायची, तापवायची, वाफ वर जाऊन काचेवर बसते. व्हॅक्यूम 10⁻⁵ मिलीबारपर्यंत गेला की वाफेचा रेणू कशालाही न धडकता काही मीटर जाऊ शकतो, म्हणजे बोटीतून निघाला की नाकासमोर सरळ काचेवर. पंचाईत इथेच होते. काचेचा मध्य बोटीच्या डोक्यावर असतो, कोपरे मात्र लांब आणि तिरके पडतात. काच 20 सेंटीमीटर उंचीवर धरली तर हिशेबाने मध्ये 100 नॅनोमीटर बसतात तेव्हा कडेच्या मध्यावर 89 आणि कोपऱ्यात जेमतेम 79. ओएलईडीचे सगळे सेंद्रिय थर मिळून काहीशे नॅनोमीटर होतात, त्यात एवढी तफावत परवडत नाही. थर जिथे पातळ तिथून करंट जास्त जातो आणि तो भाग आधी म्हातारा होतो.

आम्ही वापरतो ते एएलक्यू-थ्री. 1987 साली कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी ज्या उपकरणाने या क्षेत्राला दिशा दिली, त्यातलाच हा पिवळा पदार्थ. याची एक सोय आहे : यूव्ही दिव्याखाली तो हिरवा चमकतो. लॅबमधले दिवे बंद करून बोटीने थर दिलेली काच दिव्याखाली धरली की मध्ये गडद हिरवा डाग आणि कोपऱ्यांकडे फिका होत गेलेला उजेड दिसायचा. मोजायच्या आधीच कळायचं की काच वाया गेली.

नळीचा विचार मोठ्या कारखान्यांमधून घेतला. तिथे सहाव्या पिढीची काच 1500 बाय 1850 मिलिमीटरची असते. एवढ्या काचेला एका ठिपक्यातून थर देणं शक्यच नाही, म्हणून लांबट सोर्स (वाफ सोडणारा भाग) ठेवतात आणि काच व सोर्स एकमेकांसमोरून सरकवतात. सरकण्याच्या दिशेला एकसारखेपणा हालचालीतून येतो, आडव्या दिशेला तो नोझलनेच आणावा लागतो.

आमची नळी 200 मिलिमीटर लांब, आतून 30 मिलिमीटर व्यासाची. नोझलं 2 मिलिमीटरची. मधली नोझलं लांब लांब आहेत, टोकांकडे जवळ जवळ. कारण सोपं आहे. मधल्या जागेला दोन्ही बाजूंची वाफ मिळते, टोकाला एकाच बाजूची. सगळी समान अंतरावर ठेवली असती तर कडा पुन्हा उपाशी राहिल्या असत्या. अकरा तोंडांचं एकूण क्षेत्रफळ नळीच्या छेदाच्या सुमारे विसाव्या भागाइतकं ठेवलंय, त्यामुळे आतला दाब टोकापासून टोकापर्यंत जवळपास सारखा राहतो. तोंडं मोठी केली तर जिथे पावडर जास्त तिथूनच वाफ निघून जाईल.

पहिला महिना मात्र फार त्रासाचा गेला. नळी वाळूजच्या एका टूलरूममधून करून घेतली होती. काचेवर एक पट्टा सतत पातळ यायचा. चौथं नोझल भिंगाखाली धरलं तर आतल्या काठावर ड्रिलचा बर (भोक पाडताना उरलेली धातूची कुसळ) तसाच होता, केसाएवढा. पण लांब अरुंद भोकातून अशा व्हॅक्यूममध्ये जाणारी वाफ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. 2 मिलिमीटरमध्ये 0.1 चा फरक पडला तरी वाफ सुमारे 15 टक्क्यांनी बदलते. आखूड नोझलला थोडं कमी, पण पट्टा दिसायला तेवढं पुरतं. टूलरूमवाल्यांनी ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून परत घेतलं नाही. शेवटी सगळी भोकं दुसरीकडून रीमर करून, म्हणजे आतून खरवडून नेमक्या मापाची करून आणली. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल, ते लिहा आणि बर काढून द्या असंही स्पष्ट लिहा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

त्याहून मोठा धडा तापमानाचा. ऑक्टोबरमध्ये रन चालू असताना क्रिस्टल मॉनिटरवरचा दर, म्हणजे थर बसण्याचा वेग, खाली येऊ लागला. पॉवर वाढवली तरी येईना. युनिट थंड करून उघडलं तर टोकाच्या दोन नोझलांच्या तोंडाशी बेसनासारखी पिवळी खरड जमून तोंडं जवळपास बुजली होती. नळीला खालून हीटर होता, नोझलं असलेल्या झाकणाला नव्हता. वाफ निघताना थंड तोंडाशी गोठायची. मग झाकणाला वेगळी हीटर वायर सिरॅमिक मण्यांतून ओवून घेतली आणि तापमान मोजायला दुसरं थर्मोकपल लावलं. आता झाकण नळीपेक्षा 20 अंश गरम ठेवतो, तापवताना झाकण आधी आणि थंड करताना नळी आधी. त्यानंतर एकदाही चोक झालेलं नाही. छिद्रांच्या आखणीवर आम्ही सहा आठवडे घालवले, झाकणाच्या तापमानावर एक दिवसही नाही. क्रम उलटा हवा होता.

उन्हाळ्याचा त्रास नळीचा नाही, पण सांगायला हवा. एप्रिलपासून बोअरचं पाणी गरम येतं आणि क्षारही जास्त, व्हॅक्यूम करणाऱ्या डिफ्यूजन पंपाला थंड ठेवणारी कॉपर लाइन आतून पांढरी होते. पाणी चिलरमधून फिरवायला लागलो तेव्हाच व्हॅक्यूम पुन्हा जागेवर आला.

आज दिव्याखाली काच धरली की हिरवा रंग कडेपर्यंत एकसारखा दिसतो. कोपऱ्यात अजून थोडा फिका आहे, नाही असं नाही. त्यासाठी टोकाची नोझलं बाहेर कलती करून नवं झाकण करतोय. पावडरही वाचते, कारण बोटीपेक्षा नोझलमधून वाफेचा झोत अरुंद निघतो आणि चेंबरच्या भिंतीवर कमी बसतं.

लहान काचेवर एखादाच नमुना करायचा असेल तर बोट पुरेशी आहे, नळीच्या फंदात पडू नका. बसवणार असाल तर झाकणाचे स्क्रू मॉलिब्डेनमचे घ्या. आमचे स्टीलचे होते, तापून असे धरले की तीन स्क्रू ड्रिल मारूनच काढावे लागले.