प्लेटा दोनदा जळाल्या, दोष कूलरचा: गिअर दुरुस्तीनंतर हंगामभराचा अनुभव

नवा गिअरबॉक्स घ्यावा की जुनाच उघडावा, यावर हर्णै बंदरात दहा माणसांची दहा मतं मिळतात. आम्ही जुनाच उघडला. 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत काम उरकलं, ऑगस्टपासून बोट दर्यात आहे आणि शिमगा उलटला तरी गिअरने एकदाही स्लिप मारलेला नाही. बोट फायबरची ट्रॉलर, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, 3:1 चा हायड्रॉलिक गिअर. तुमच्याकडे दुसऱ्या बनावटीचा असला तरी आतला कारभार साधारण असाच असतो.

गेल्या हंगामात तक्रार अशी होती, की बंदरातून निघताना बोट ठणठणीत चालायची. जाळं सोडून तासभर ओढलं की इंजिनाचे फेरे चढायचे आणि वेग मात्र पडायचा. तांडेल (बोटीचा मुख्य खलाशी) म्हणायचा, “शेठ, इंजिन बोंबलतंय, पण बोट जागची हलत नाय.” गिअरच्या पाठीवर हात ठेववत नव्हता आणि ऑईलला करपलेला वास यायचा. रिव्हर्सची लक्षणं वेगळी काढायला हवीत. फक्त पुढचा गिअर घसरत असेल तर संशय त्या बाजूच्या क्लचच्या प्लेटांवर (ऑईलच्या प्रेशरने एकमेकींवर दाबून इंजिनाचा जोर शाफ्टला देणाऱ्या चकत्या) किंवा तिथल्या सीलवर जातो. दोन्हीकडे घसरत असेल तर ऑईल, प्रेशर किंवा पंप बघायचा. आमचा दोन्हीकडे घसरत होता. तरी पहिल्या वेळी ज्या कारखान्यात गिअर नेला, तिथे पुढच्या प्लेटा बदलून दिल्या आणि प्रेशर न मोजताच काम संपवलं. हंगाम संपेपर्यंत नव्या प्लेटाही काळ्यानिळ्या होऊन वाकल्या.

दुसऱ्या वेळचा मिस्त्री वेगळा निघाला. त्याने पाना हातात घेण्याआधी लेझरचा टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) काढला, पंख्याच्या शाफ्टवर चमकणारी पट्टी चिकटवली आणि जाळं ओढत असतानाच फेरे मोजले. इंजिन 1500 वर असेल तर शाफ्ट 500 हवा. गार असताना 500 मिळाले, तापल्यावर 440. म्हणजे दोष पाण्यातल्या पंख्याचा किंवा जाळ्याच्या ओढीचा नाही, घसरतोय तो क्लचच. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास न ठेवता इंजिनाचे फेरेही त्याने पुलीवर त्याच यंत्राने घेतले, हे मला आवडलं. मग गिअरचं ऑईल समुद्राच्या पाण्याने गार करणाऱ्या कूलरच्या दोन्ही ऑईल पायपांवर काळी टेप लावून इन्फ्रारेड थर्मामीटरने तापमान पाहिलं (चकचकीत धातूवर हे यंत्र कमी आकडा दाखवतं). ऑईल आत जाताना 96 अंश, बाहेर येताना 92. कूलर नावालाच होता.

कूलर उघडला तेव्हा सगळा उलगडा झाला. पाण्याच्या तोंडाशी पाणी खेचणाऱ्या पंपातल्या रबरी चक्राची, म्हणजे इम्पेलरची, तुटलेली पाती अडकली होती आणि मागे गाळ बसला होता. वादळात आमच्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात, तिथे सक्शनला चिखल लागून पाण्याचा पंप कोरडा फिरला असणार. नवा इम्पेलर बसवला गेला, पण जुन्याची पाती कुठे गेली हे कोणी पाहिलंच नाही. इंजिनाचं तापमान जरा वर होतं, लाल रेषेच्या आत, म्हणून कोणाला शंका आली नाही. पाणी अर्धवट मिळालं की ऑईल तापून पातळ होतं, गिअरच्या ऑईल पंपात आतल्या आत गळतं आणि प्रेशर पडतं. मग प्लेटा घट्ट दाबल्या जात नाहीत, त्या घासून आणखी उष्णता देतात. या फेऱ्यात प्लेटा शेवटी जळतात, त्यामुळे नुसत्या त्याच बदलून काही साधत नाही.

बदललं काय? दोन्ही बाजूंच्या प्लेटा, सगळे सील, सक्शनची जाळी (तिच्यात पितळी रंगाचा चुरा होता) आणि एक आकार मोठा तांबे-निकेलचा कूलर. ऑईल गिअरवरच्या पट्टीवर लिहिलेलंच, सिंगल ग्रेड 40. बंदरात जाड ऑईल घालायचा सल्ला फुकट मिळतो, तो ऐकू नका. शाफ्टची कपलिंग बोट पाण्यात उतरवल्यावरच फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) जुळवली, कारण जमिनीवर टेकवलेली बोट आणि तरंगती बोट यांच्या अंगाचा आकार थोडा वेगळा असतो.

आणि दोन मीटर बसवले, ऑईलच्या प्रेशरचा आणि तापमानाचा. सगळ्या खर्चात सर्वांत स्वस्त वस्तू हीच आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. आता ओढताना तापमान 70 च्या आसपास स्थिरावतं, प्रेशर गार-गरम मिळून 15 वरून 14 बारवर येतं. जानेवारीत तापमान हळूहळू 78 पर्यंत चढलं. तांडेलाने जाळं आवरून पाण्याची गाळणी उघडली तर आत प्लास्टिकची पिशवी. गेल्या वर्षी हेच घडलं असतं तर प्लेटांच्या जिवावर बेतलं असतं.

तक्रारी आहेतच. गिअर टाकताना पूर्वीपेक्षा जरा जोरात धक्का बसतो, फेरे अगदी खाली आणूनच टाकावा लागतो. प्रेशरच्या मीटरचा सेन्सर खाऱ्या हवेने एकदा गंजला, दुसरा बसवताना त्यावर ग्रीस आणि रबरी टोपी दिली. मोठ्या कूलरचं झिंक (नळ्यांऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) अशा अडचणीच्या जागी आलंय, की ते तपासायला खलाशाला पोटावर आडवं व्हावं लागतं. तरी ते चुकवू देत नाही. झिंक संपलं की नळ्या खाल्ल्या जातात आणि मग खारं पाणी ऑईलमध्ये शिरून ते दुधासारखं होतं.

ऑईल मोजण्याचीही रीत पाळावी लागते. आमच्या गिअरमध्ये इंजिन बंद केल्या केल्या, गरम असतानाच काडी बघायची, नाहीतर कूलरमधलं ऑईल परत येऊन पातळी खोटी दिसते. तुमच्या पुस्तकात वेगळं असू शकतं.

इंजिन बंद पडून दुसरी बोट ओढून नेत असेल तर शाफ्ट बांधून ठेवा. आमच्या गिअरचा पंप इंजिनाच्या बाजूने फिरतो. इंजिन थांबलेलं असताना पंखा पाण्याने फिरत राहिला तर बेअरिंगना ऑईल मिळत नाही. शिवाय अनेक हायड्रॉलिक गिअरना क्लच यांत्रिकरीत्या जखडणारे बोल्ट असतात. प्रेशर गेलंच तर ते आवळून हळूहळू बंदर गाठता येतं, मात्र मग न्यूट्रल नाही, इंजिन चालू होताच बोट पुढे निघते. आमच्या तांडेलाला ते बोल्ट मिस्त्रीने हात लावून दाखवले आहेत आणि त्या मापाचा पाना इंजिनघरात दोरीने बांधून ठेवला आहे.