व्हीब्लॉक: भूक अडवणारं पोटातलं यंत्र, 5 पैकी 2 स्टार

मिनेसोटाच्या एंटेरोमेडिक्स कंपनीचं हे यंत्र एफडीएने (अमेरिकेची औषध-उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) जानेवारी 2015 मध्ये मंजूर केलं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 40 ते 45 वाल्यांसाठी, किंवा 35 च्या वर आणि सोबत डायबिटीससारखं काही असेल तर. दुर्बिणीतून ऑपरेशन करून जठराकडे येणाऱ्या व्हेगस नर्व्हवर (मेंदू आणि पोट जोडणारी नस) दोन वायरी लावायचे, मशीन बरगड्यांपाशी कातडीखाली, चार्जिंग बाहेरून. पोट आणि मेंदूमधले सिग्नल विजेने अडवायचे म्हणजे भूक कमी लागेल अशी कल्पना. जठर कापणं नाही, आतडं वळवणं नाही हे मला खरंच आवडलं, वजनासाठीच्या बायपास ऑपरेशनचं नाव काढलं तरी घाबरणारे लोक माझ्या घरातच आहेत.

पण रिझल्ट बघा. ट्रायलमध्ये 239 जण, काहींना खरं यंत्र, काहींना बिनवायरीचं नुसतं मशीन, आणि आपल्याला कुठलं बसवलंय ते पेशंटला सांगितलेलं नाही. वर्षभराने खरं यंत्रवाल्यांचं वजन सरासरी 9.2 टक्के उतरलं, खोटंवाल्यांचं 6 टक्के. म्हणजे 110 किलोचा माणूस धरला तर एकाचे 10 किलो गेले आणि दुसऱ्याचे साडेसहा, विजेच्या वाट्याला आले साडेतीन किलो, त्यासाठी ऑपरेशन! आणि ज्यांना आपण "तोंडावर ताबा नाही" म्हणून सरळ बोलतो, त्याच लोकांनी नुसता डाएटचा सल्ला, फॉलोअप आणि थोडी आशा मिळाल्यावर 6 टक्के उतरवले, हे कोणी बोलतच नाही याचा मला फार राग येतो.

याच्या आधी ट्रान्सेंड नावाचं एक आलं होतं, ते थेट जठराच्या भिंतीलाच करंट द्यायचं (जठराचा स्वतःचा ठेका असतो, मिनिटाला साधारण 3 लाटा). तिथे 190 जणांना बसवलं, निम्म्यांचं बंद ठेवलं, वर्षाने जादा वजनातली (म्हणजे एकूण नाही, नॉर्मलच्या वर जितकं होतं त्यातली) घट दोन्हीकडे जवळपास 12 टक्केच. त्यामानाने व्हीब्लॉक बरं, निदान चालू आणि बंद यात फरक तरी दिसतो. त्रास पण फार नव्हता, छातीत जळजळ, अपचन, पोटदुखी, बहुतेकांना सौम्यच.

कंपनीने पुढे नाव बदलून रीशेप केलं आणि व्हीब्लॉक विकणं थांबवलं. तरी असं नवीन काही तुम्हाला कोणी सुचवलं तर आधीचे-नंतरचे फोटो बाजूला ठेवा आणि डॉक्टरना विचारा, यंत्र बंद ठेवलेल्यांचं वजन किती उतरलं?